क्रांती फेसबुकनं केली?

कोल्हापूरच्या बिंदू चौकात चहा पिताना हमखास ऐकू येणारं वाक्य : "इजिप्तमध्ये फेसबुकनं सरकार पाडलं." 2011 पासून हे चाललंय. अर्धंच खरं आहे.

25 जानेवारी 2011 च्या मोर्चाची हाक फेसबुकवरून गेली होती, हे कबूल. पण 28 जानेवारीला सरकारनं देशभरातलं इंटरनेट जवळजवळ पूर्ण बंद केलं, मोबाईल सेवाही तोडली. मग गर्दी ओसरायला हवी होती ना? उलट त्याच शुक्रवारी नमाजानंतर लोक लोंढ्यानं रस्त्यावर आले. नेट पाच-एक दिवस बंद राहिलं, तरी कैरोच्या तहरीर चौकातली गर्दी हलली नाही. 11 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले. शेवटच्या दिवसांत कामगारांचे संप पेटले होते, तेही विसरू नये. इजिप्तच्या महाल्ला शहरातल्या कापड गिरणी कामगारांनी तर 2006 मध्येच मोठा संप केला होता. त्यांच्या पाठिंब्याचा गाजलेला फेसबुक ग्रुप 2008 चा, म्हणजे नंतरचा.

आपल्याकडचं बघा. कोल्हापुरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधातला लढा पेठांनी, तालमींनी आणि एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या जुन्याजाणत्यांनी वर्षानुवर्षं लढवला. डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्दची घोषणा झाली, ती काही लाईक मोजून नव्हे.

2025 मध्ये नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण गुजरातमधल्या वनतारा प्राणी केंद्रात नेल्यावर मोबाईलनं संताप झपाट्यानं पसरवला, हे खरंच. पण नांदणी ते कोल्हापूर चालले ते पाय माणसांचे होते, आणि मठाशी नातं पिढ्यांचं.