सहा सेंटिमीटर, पण कधी मोजलेले?

२०२६ च्या फॉर्म्युला वन इंजिनांवरून जो वाद पेटला, तो म्हापशातल्या कुठल्याही दुचाकी मेकॅनिकला चटकन कळेल. टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपांपाशी ठेवलेली बारीक फट, सेट करायची असली की तो सांगतो, गाडी रात्रीच ठेवून जा. सकाळी निवलेल्या इंजिनात तो फिलर गेजची पाती सरकवून बघतो, कारण धातू तापला की फुगतो आणि फट बदलते. नव्या नियमांत कॉम्प्रेशन रेशोची (सिलिंडरातले मिश्रण किती पट दाबले जाते, त्या आकड्याची) मर्यादा १८ वरून १६ वर आणली, पण मोजणी ठरली थंड इंजिनावर. तापल्यावर हा आकडा १६ च्या वर जाईल अशी रचना कोणीतरी साधली आहे, असा बाकीच्यांचा आक्षेप होता.

अशा प्रकाराला सरसकट ‘पळवाट’ म्हणतात. मला तो शब्द खटकतो. पळणारा नियम चुकवतो. इथे नियमाचा शब्दन् शब्द पाळलेला असतो. मोकळी जागा असते ती नियम आणि त्याची मोजणी यांच्यामध्ये. १९८१ साली ती जितकी उघड दिसली तितकी क्वचितच दिसली असेल.

तळाखालून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला चिकटवण्याचे तंत्र तोवर सर्वांकडे आले होते. वळणांवरचे वेग आवरण्यासाठी तळाखालची हवा कोंडून धरणाऱ्या बाजूच्या सरकत्या झालरी बंद केल्या आणि तळ व रस्ता यांत किमान ६ सेंटिमीटर अंतर सक्तीचे झाले. आपल्याकडचा साधा गतिरोधकही याहून उंच असतो. पण ताशी अडीचशे किलोमीटरने धावणाऱ्या गाडीखाली पट्टी कोण घालणार? मोजणी व्हायची पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघांच्या जागेत, गाडी उभी असताना.

ब्रॅबहॅम संघाच्या बीटी४९सी या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये हवा आणि द्रवावर चालणारे सिलिंडर बसवले होते. वेग वाढला की हवेचा दाब गाडीला खाली रेटायचा आणि सिलिंडरातला द्रव बाहेर पडायचा. परतीचे छिद्र इतके बारीक की संथ वळणावरही गाडी वर येत नसे, तळ रस्त्याला लगटूनच राहायचा. शर्यत संपल्यावर शेवटची फेरी सावकाश मारायची. पिटमध्ये पोचेपर्यंत गाडी पुन्हा सहा सेंटिमीटरवर. एप्रिलमध्ये ब्युनोस आयर्सला या गाडीने बाकीच्यांना कुठल्याकुठे मागे टाकले.

तक्रारी झाल्या. पण दाबाखाली थोडीफार प्रत्येकच गाडी बसते, टायरही दबतात. किती बसली म्हणजे गुन्हा, हे कुठेच लिहिलेले नव्हते. शेवटी ही पद्धत चालवून घेतली गेली. माझ्या मते तोच निर्णय बरोबर होता: मोजता न येणारा नियम लिहिण्याची चूक अभियंत्यांची नव्हती. मग इतरांनी गाडी वर-खाली करायला चालकाच्या हाताशी सरळ स्विचच बसवले. ती नक्कल होती. मूळ कल्पनेचे सौंदर्य त्यात नाही. त्या वर्षीचे विजेतेपद ब्रॅबहॅमच्या चालकाने ५० विरुद्ध ४९, अशा एका गुणाने जिंकले. किंमत चालकांच्या पाठींनी मोजली, कारण जवळजवळ न हलणाऱ्या स्प्रिंगांवरून प्रत्येक धक्का थेट मणक्यात जायचा. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला आणि प्रश्नच मिटला.

१९८२ मध्ये हाच खेळ किमान वजनाच्या नियमावर. ब्रेक थंड करायचे पाणी भरून गाडी निघायची, ते सुरुवातीलाच सांडायची, कमी वजनात शर्यत धावायची आणि काट्यावर चढण्याआधी टाकी पुन्हा भरायची. ब्राझीलमध्ये पहिले दोघे यामुळे बाद ठरले. निषेध म्हणून बहुतेक ब्रिटिश संघ इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीला आलेच नाहीत आणि तिथे फक्त १४ गाड्या सुटल्या.

२००९ चा दुहेरी डिफ्यूझर (तळाखालची हवा मागून बाहेर सोडणारा भाग) मात्र वेगळ्या जातीचा. तिथे भांडण मोजणीचे नव्हते, भोक कशाला म्हणायचे याचे होते. लवचीक पंखांनी गोष्ट पुन्हा १९८१ च्या वळणावर आणली. चाचणीत ताठ राहणारे पंख वेगात वाकतात, म्हणून चाचणी वेळोवेळी कडक होत गेली. २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीपासून १०० किलोच्या भाराखाली पुढच्या पंखाला १५ ऐवजी १० मिलिमीटरच वाकण्याची मुभा उरली. तो भारही गाडी उभी असतानाच दिला जातो.