ओला नमुना तपासणीस देण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्यांतून आमच्याकडे जे नमुने येतात, त्यांतील पुष्कळांसोबत ‘ओल्या अवस्थेतच पाहावे’ अशी चिठ्ठी असते. न वाळवता आणि सोन्याचा मुलामा न देता सूत पाहता येते हे खरे असून एन्व्हायर्नमेंटल एसईएम (नमुन्याच्या कक्षात पाण्याची वाफ ठेवून चालणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आम्ही त्यासाठीच ठेवला आहे. मात्र ओला नमुना म्हणजे बादलीतून काढून निथळत आणलेला नमुना नव्हे. एवढी एक गोष्ट न पाळल्यामुळे आपला पहिला तास बहुधा वाया जातो.

पृष्ठभागाचे चित्र मुख्यतः द्वितीयक इलेक्ट्रॉनांपासून मिळते. सूक्ष्मदर्शकातील इलेक्ट्रॉनांची शलाका पडताच नमुन्यातून बाहेर पडणाऱ्या या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा 50 इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी असल्याने ते अगदी वरच्या, काही नॅनोमीटर जाडीच्या थरातूनच सुटू शकतात. तंतूवर पाण्याचा एक मायक्रॉनचा पापुद्रा जरी राहिला, तरी डिटेक्टरपर्यंत येतात ते पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन, तंतूचे नव्हेत. शेजारी बसलेले ग्राहक अशा वेळी फोकस बिघडला आहे का, असे विचारतात. फोकस ठीक असतो. पाण्याचे चित्र उत्तम आलेले असते, फक्त ते कोणालाच नको असते.

हे पाणी घाईने काढता येत नाही. नमुना 5 अंश सेल्सिअसला ठेवला असता पाण्याच्या वाफेचा संपृक्त दाब सुमारे 870 पास्कल असतो, आणि कक्षातील दाब त्याच्या किंचित खाली ठेवून पाणी हळूहळू उडवावे लागते. पाणी कूपनलिकेचे असेल तर उडताना त्यातील क्षार तंतूंवरच बसतात. मग सायझिंगची (विणण्यापूर्वी सुताला लावलेली) कांजी कोणती आणि क्षार कोणता, हे ओळखण्यात आणखी वेळ जातो.

‘दाब कमी करा, चित्र साफ येईल’ अशी सूचनाही वारंवार होते. नेहमीच्या एसईएममधील डिटेक्टरच्या तोंडाशी सुमारे 10,000 व्होल्ट असतात, आणि वाफेने भरलेल्या कक्षात तेवढ्या व्होल्टला ठिणग्या उडतील. म्हणून गेरासिमॉस डॅनिलाटोस यांनी ऑस्ट्रेलियात विकसित केलेल्या पद्धतीत खुद्द वायूलाच कामाला लावलेले आहे. काहीशे धन व्होल्टच्या इलेक्ट्रोडकडे ओढले जाणारे द्वितीयक इलेक्ट्रॉन वाटेत वाफेच्या रेणूंवर आदळतात, त्यांतून नवे इलेक्ट्रॉन सुटतात आणि संकेत कित्येक पटींनी वाढतो; मागे उरलेले धन आयन नमुन्याकडे जाऊन त्यावर साठलेला ऋण प्रभार नाहीसा करतात, म्हणूनच मुलाम्याची गरज उरत नाही. दाब फार उतरवला तर टकरी कमी होऊन संकेत क्षीण होतो, सुतावर प्रभार साठू लागतो आणि मुख्य म्हणजे नमुना वाळतो. दाब फार चढवला तर शलाकाच विखुरते. मधला योग्य दाब प्रत्येक नमुन्यासाठी शोधावा लागतो. त्यासाठी जाणारी दहा-पंधरा मिनिटे आम्ही आपल्याच हितासाठी घालवतो.

तेव्हा नमुना ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा खळबळून घ्यावा, गाळणकागदावर टिपावा आणि ओलसर कापूस घातलेल्या झाकणाच्या डबीत आणावा. पाच मिलिमीटरचा तुकडा पुरतो. टॉवेलचे टाके उंच असतील तर एका बाजूचे कापून आणल्यास डिटेक्टर जवळ नेता येतो व चित्रातील रवाळपणा कमी होतो. निथळणारा नमुना आला, तर तो टिपून पुन्हा आणण्याची विनंती आम्ही करतो. काही ग्राहकांना हे रुचत नाही, परंतु शुल्क तासावर असल्यामुळे पाणी उडण्याची वाट पाहण्याचे पैसे आपल्याकडून घेणे आम्हालाही प्रशस्त वाटत नाही.

टॉवेल पाणी शोषत नाही अशी खरेदीदाराची तक्रार असल्यास कोरडा नमुनाही अवश्य आणावा. कक्षातील दाब वाढवून आम्ही त्याच तंतूंवर दव धरवतो. सिलिकॉन सॉफ्टनर (कापड मऊ करणारे द्रव्य) जास्त झालेल्या तंतूवर थेंब गोल उभे राहतात आणि नीट धुतलेल्या सुतावर पसरतात. त्याची छायाचित्रे त्याच शुल्कात दिली जातात.