डबा परत येतो, पाला परत जात नाही

डिझाइन थिंकिंग हा शब्द हल्ली फूड स्टार्टअपवाल्यांच्या तोंडी फार असतो, पण आत काय आहे तर माणूस खरंच काय करतो ते आधी बघा, कच्चं काहीतरी करून द्या, फसलं की बदला. एवढंच. १९६९ मध्ये हर्बर्ट सायमन हा अमेरिकन अभ्यासक म्हणाला की आहे ती परिस्थिती हवी तशी करणं म्हणजे डिझाइन, १९७३ मध्ये हॉर्स्ट रिटल आणि मेल्विन वेबर या दोन प्राध्यापकांनी 'विकेड प्रॉब्लेम' मांडले, म्हणजे ज्याचं एकच बरोबर उत्तर नसतं असे गुंते, पुढे आयडिओ ही डिझाइन कंपनी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी ते जगभर नेलं.

आपल्याकडे तर १९५८ मध्येच चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला दिलेल्या रिपोर्टमध्ये साध्या लोट्याचं भरभरून कौतुक केलंय, तो डोक्यावर कसा राहतो, ओतताना कसा कलतो वगैरे. त्यातूनच अहमदाबादला एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि पुढे १९६९ मध्ये पवईला आयआयटीत आयडीसी हा डिझाइनचा विभाग सुरू झाला.

अन्नाकडे ही नजर वळली ती नासाडीमुळे. २०१५ मध्ये युनोने ठरवलं की दुकानं आणि घरांतली माणशी नासाडी २०३० पर्यंत निम्मी करायची, आणि २०२२ चा जगाचा अंदाज १०५ कोटी टनांचा, त्यातला साधारण ६० टक्के वाटा घरांचा.

मुंबईत बघायचं तर डबेवाले १८९० च्या सुमारासचे. सगळे झाकणावरच्या रंगीत आकड्या-अक्षरांचं कौतुक करतात, मला मात्र रिकामा डबा जास्त भारी वाटतो, कारण तो त्याच दिवशी घरी येतो, वरच्या कप्प्यात कारलं तसंच दिसलं की उद्या काय करायचं नाही ते स्वयंपाक करणारीला न सांगता कळतं. आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्यांचंही तसंच होतं, रिकामी द्या भरलेली घ्या, मग पिशव्या आल्या आणि ते संपलं.

भाजीचं उलटं, तिथून परत काहीच जात नाही. घाऊक बाजार नव्वदच्या दशकात भायखळ्याहून वाशीला गेला, शहराच्या नजरेआडच झाला म्हणा. पहाटे दादरला स्टेशनबाहेर गेलात तर पायाखाली फ्लॉवरचा पाला असतो, ओला, तुडवलेला, थोड्या वेळाने गाडीत भरून डंपिंगला. लोक म्हणतात शेतातच का नाही काढत, गुरं तरी खातील. अहो पण तो पाला म्हणजे फ्लॉवरचं पॅकिंग आहे, तो काढला तर ट्रकमध्ये गड्डा घासून काळा पडतो आणि मग भाव पडतो. म्हणजे बदलायचं असेल तर पाल्याऐवजी क्रेट हवेत, आणि क्रेट म्हटलं की पहिला प्रश्न हाच, की रिकामे क्रेट गावाला परत न्यायचं भाडं कोण देणार?