मलेरिया नसलेल्या देशात मलेरियाचं मूल

श्रीलंका २०१६ मध्ये अधिकृतपणे मलेरियामुक्त ठरली, चीन २०२१ मध्ये. पश्चिम युरोपातून तर हा आजार कित्येक दशकांपूर्वीच गेला. पण प्रवाशांच्या रक्तातून तो येतच राहतो, आणि अशा देशातल्या तरुण डॉक्टरने मलेरियाचा रुग्ण बहुधा पुस्तकातच पाहिलेला असतो.

त्यात रुग्ण दोन वर्षांचा असला की पंचाईत वाढते. हुडहुडी भरली, अंग मोडून आलं, हे मोठा माणूस सांगतो. मूल नुसतं किरकिरतं, दूध नको म्हणतं, उलट्या-जुलाब करतं, कधी खोकतं. दिवसाआड चढणारा ठरावीक ताप लहान मुलांत क्वचितच दिसतो. तपासणीच्या वेळी ताप उतरलेलाही असू शकतो. मग 'व्हायरल आहे', 'पोट बिघडलंय' असं निदान होतं. फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया असेल तर ही चूक महागात पडते: रक्तातली साखर घसरते, झटके येतात, आणि एखाद्या दिवसात मूल बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतं.

म्हणून माझ्या मते पहिली तपासणी म्हणजे एक प्रश्न: मूल कुठे जाऊन आलं? तोही नीट विचारावा लागतो. आजोळी जाऊन येणं अनेकांना 'परदेश प्रवास' वाटतच नाही. आईवडिलांचं बालपण मलेरियाच्या प्रदेशात गेलेलं असेल, तर त्यांना तो किरकोळ वाटतो आणि प्रतिबंधक गोळ्या राहून जातात. त्यांना तेव्हा मिळालेली अर्धवट प्रतिकारशक्ती दूर राहिल्यावर ओसरते. परक्या देशात जन्मलेल्या मुलाला तर ती नसतेच. गोळ्या दिल्या होत्या एवढ्यावरूनही मलेरिया नाही असं म्हणता येत नाही. फॅल्सिपेरम बहुतेकदा परतल्यावर महिन्याभरात डोकं वर काढतो. व्हायवॅक्स ही दुसरी जात मात्र यकृतात दडून काही महिन्यांनी, कधी वर्षानंतरही उठते, तोवर प्रवास सगळे विसरलेले असतात. साध्या रक्ततपासणीत प्लेटलेट कमी दिसल्या तर संशय बळावावा.

खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. काचपट्टीवर रक्ताचा एक जाड थर घेतात, एक पातळ. जाड थरात जास्त रक्त तपासलं जातं, त्यामुळे मलेरियाचे परजीवी, म्हणजे आजार घडवणारे सूक्ष्म जीव, थोडे असले तरी सापडतात. पातळ थरात जात ओळखू येते आणि किती टक्के तांबड्या पेशी बाधित आहेत ते मोजता येतं. पण फॅल्सिपेरमचे वाढलेले परजीवी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, त्यामुळे बोटातून घेतलेल्या रक्तात ते हजर असतीलच असं नाही. पहिली पट्टी कोरी निघाली तरी १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा तपासतात.

जिथे तंत्रज्ञाला वर्षात एखादीच अशी पट्टी दिसते, तिथे झटपट चाचणीचा आधार मोठा. ती परजीवीचं प्रथिन पकडते. पण एचआरपी-२ हे प्रथिन शोधणारी चाचणी बरं झाल्यावरही काही आठवडे होकार देत राहते, आणि ज्या परजीवींत त्या प्रथिनाचा जनुकच उरलेला नाही ते तिच्या हातून निसटतात. पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी, अगदी थोडे परजीवीही शोधते, मात्र तिचा अहवाल बहुधा उशिरा येतो. गंभीर मुलाचे उपचार त्यासाठी थांबवत नाहीत.

नवजात बाळाच्या बाबतीत तो पहिला प्रश्न आईला विचारायचा असतो. गरोदरपणात तिच्या रक्तात परजीवी असतील, तर कुठेही न गेलेल्या बाळालाही जन्मानंतरच्या काही आठवड्यांत मलेरियाचा ताप येऊ शकतो.