पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हॉस्पिस नव्हे

माझ्या मैत्रिणीच्या केसपेपरवर दुसऱ्या केमोनंतर डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती: ‘पॅलिएटिव्ह केअर विभागात दाखवावे.’ पायऱ्या उतरताना तिने तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये खोल सरकवला आणि म्हणाली, “म्हणजे यांनी आता हात टेकले तर.” खरे सांगायचे तर मीही तेच समजले होते. काहीतरी बोलायला हवे म्हणून “अगं, तसं काही नसतं, तू विचार नको करूस” एवढे मी म्हटले, आणि त्या विभागात जाणे आम्ही दोघींनी मिळून पाच आठवडे टाळले. त्या पाच आठवड्यांत तिने रात्र रात्र जागून जे दुखणे काढले, त्यातले बरेचसे कमी करता आले असते. आम्ही दोघी ज्याला भीत होतो ते हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या काळातली काळजी, होते. कागदावर लिहिलेले होते ते दुसरेच काही.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे मराठीत उपशामक काळजी, ही गंभीर आजारामुळे आणि त्याच्या उपचारांमुळे होणाऱ्या त्रासावरची वैद्यकीय सेवा आहे. वेदना, मळमळ, धाप, झोप न लागणे, मनाची घालमेल, घरच्यांची ओढाताण हे सगळे तिच्या कक्षेत येते. ती निदान झाल्या दिवसापासून सुरू करता येते, केमो, रेडिएशन किंवा शस्त्रक्रियेच्या जोडीने चालते, आणि आजार पूर्ण बरा होण्यासारखा असला तरीही मिळू शकते. हॉस्पिसची वेळ मात्र वेगळी असते. आजार आटोक्यात आणणारे उपचार उपयोगाचे राहिलेले नाहीत, किंवा रुग्णाने स्वतः ते थांबवायचे ठरवले आहे, अशा वेळी आयुष्याच्या अखेरच्या काळात जी काळजी घेतली जाते ती हॉस्पिस. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत तर हॉस्पिससाठी, आजार स्वाभाविक गतीने वाढल्यास आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरले आहे, असे डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते. म्हणजे हॉस्पिसमध्ये पॅलिएटिव्ह केअर असतेच. पण पॅलिएटिव्ह केअर घेणारा प्रत्येक रुग्ण हॉस्पिसच्या वाटेवर असतो असे मुळीच नाही. आणि हॉस्पिस म्हणजे एखादी इमारतच असते असेही नाही, ती काळजी घरीही घेता येते.

हा घोटाळा निव्वळ अज्ञानातून झालेला नाही, कारण हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि रुग्णाची वेदना शरीराची असते तशीच मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हे ठामपणे मांडले. त्यांच्याकडून हे काम शिकून गेलेले कॅनडाचे शल्यविशारद बॅल्फोर माउंट यांनी 1975 मध्ये मॉन्ट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात तसाच विभाग काढला. परंतु तिथल्या फ्रेंच भाषकांच्या मनात ‘हॉस्पिस’ म्हटले की निराधारांचे आश्रयस्थान उभे राहत असे, म्हणून त्यांनी ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द निवडला. सुरुवातीला दोन्ही सेवा मृत्यूच्या जवळ पोहोचलेल्यांसाठीच होत्या. पॅलिएटिव्ह केअर पुढे आजाराच्या आधीच्या टप्प्यांकडे सरकत गेली, लोकांच्या मनातला तिचा अर्थ मात्र जागचा हलला नाही.

ती लवकर सुरू करण्याने काय साधते, याचा एक अभ्यास 2010 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच कळलेल्या 151 रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली गेली. त्या गटाचे जगणे अधिक सुसह्य झाले, नैराश्य कमी आढळले, आणि आयुष्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, 11.6 महिने भरला. दुसऱ्या गटात तो 8.9 महिने होता. एका अभ्यासावरून कोणालाही आयुष्य वाढण्याचे वचन देऊ नये. पण ‘पॅलिएटिव्ह घेतले म्हणजे हार मानली’ या समजुतीला एवढे उत्तर पुरेसे आहे.

आता मित्र म्हणून आपण काय करायचे, ते या फरकावरच ठरते. पॅलिएटिव्ह केअर सुरू असताना सर्वांत उपयोगी पडते ती एक साधी वही. दुखणे शून्य ते दहामध्ये किती, कोणत्या वेळी वाढले, कोणत्या गोळीने किती तासांनी उतरले, शौचाला झाले की नाही, एवढे रोज लिहून ठेवले तर डॉक्टरांना औषध ठरवणे सोपे जाते. कारण तपासणीच्या खोलीत रुग्ण “ठीक आहे” म्हणून मोकळा होतो. मॉर्फिनचे नाव निघाले की घरचे हादरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कर्करोगाच्या वेदनेसाठी ते घेणे म्हणजे व्यसन नव्हे आणि शेवट जवळ आल्याची खूणही नव्हे. ते ठरलेल्या वेळेला घ्यायचे असते, दुखणे असह्य होण्याची वाट पाहायची नसते. त्याने बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध सोबतच विचारून घ्यावे. याच काळात केमोही चालू असेल आणि ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

‘पॅलिएटिव्ह केमो’ किंवा ‘पॅलिएटिव्ह रेडिएशन’ हे शब्द कानावर आले तर जरा थांबून विचारावे. आजार पूर्ण बरा करणे हा त्या उपचाराचा हेतू नसतो, तो आवरून धरणे किंवा त्रास कमी करणे हा असतो. हाडातले दुखणे कधी कधी रेडिएशनच्या एकाच बैठकीनेही उतरते. “या उपचारातून आपण काय साधणार आहोत?” हा प्रश्न रुग्णाला विचारवत नसेल, तर त्याच्या परवानगीने आपण विचारावा.

हॉस्पिसच्या काळात मात्र वही बाजूला पडते. तेव्हा “धीर सोडू नकोस, लढ” असे म्हणणे म्हणजे दमलेल्या माणसावर आणखी एक काम टाकणे होय. भूक मंदावणे हा त्या अवस्थेचाच भाग असतो, घास भरवण्याचा आग्रह केल्याने बळ येत नाही. ओठ-तोंड ओलसर ठेवणे, धाप लागली तर छोट्या पंख्याचा वारा चेहऱ्यावर घेणे याने खरोखर बरे वाटते. आणि रात्र जागवणाऱ्या घरच्या माणसाला चार तास झोपू देणे, ही मित्राने करण्यासारखी मोठी गोष्ट आहे.

आम्ही शेवटी त्या विभागात गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट उघडण्याआधी तिला विचारले, “रात्री झोप लागते का?” तिने पर्समधून तो घड्या पडलेला कागद काढून टेबलावर सपाट केला आणि पहिल्यांदाच सगळे सांगितले. तिची पुढची केमो ठरल्या दिवशी झाली. वही तीच लिहिते. तिच्या शेवटच्या पानावर, मला दाखवून, तिने एक ओळ लिहून ठेवली आहे: हॉस्पिसची वेळ आली तर घरीच, खिडकीच्या खोलीत.