बशीर आला तो सत्तापालट, गेला तो उठाव

भुसावळातल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं चालू घडामोडींवरून वाद घालत बसतात, तेव्हा मी सहसा मध्ये पडत नाही. परवा पडलो. विषय सुदानचा होता, तिथले राष्ट्राध्यक्ष ओमर अल बशीर २०१९ मध्ये सत्तेवरून गेले त्याचा. रावेरहून रोज गाडीनं येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, ओमर अल बशीरला शेवटी लष्करानंच काढलं ना? मग त्याला जनउठाव का म्हणायचं? सत्तापालटच झाला की तो."

प्रश्न रास्त होता. घोटाळ्याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. सेनाधिकाऱ्यानं सरकार उलथवलं की आपली वर्तमानपत्रं लिहितात 'लष्करी बंड'. आमदार पक्ष सोडून गेले तरी 'बंड'. आणि १८५७ साली खाज्या नाईकांनी सातपुड्यात भिल्लांना इंग्रजांविरुद्ध उभं केलं, त्यालाही राज्यकर्त्यांनी बंडच ठरवलं. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीच्या लढाईत जी माणसं पडली, त्यांना आणि रातोरात राजवाडा ताब्यात घेणाऱ्या सेनापतीला एकच शब्द लावणं मला पटत नाही.

सुदानचं उदाहरण त्यासाठी चांगलं, कारण तिथे एकाच माणसाच्या कारकिर्दीच्या एका टोकाला सत्तापालट आहे आणि दुसऱ्या टोकाला उठाव.

आधी येणं बघू. ३० जून १९८९. देशात निवडून आलेलं सरकार होतं, सादिक अल महदी पंतप्रधान होते. ब्रिगेडियर बशीर आणि त्यांच्या साथीदार अधिकाऱ्यांनी ते उलथवलं. मागे हसन अल तुराबी यांचा इस्लामी पक्ष होता, पण ते झाकायचं म्हणून खुद्द तुराबींनाच इतर पुढाऱ्यांबरोबर तुरुंगात टाकलं गेलं. लगोलग पक्ष बंद, कामगार संघटना बंद. आणि या सगळ्याला नाव काय दिलं? देश वाचवण्याची 'क्रांती'. म्हणून करणारे स्वतःला काय म्हणवतात, यावर जाऊ नये. सत्तापालट करणाऱ्यांना गुपित राखावं लागतं, बातमी आधी फुटली तर जिवावर बेततं. माणसं थोडी, हुकूम ऐकणारी, आणि काम एका रात्रीचं. सामान्य माणसाला ते कळतं सकाळी, रेडिओवरून.

आता जाणं. त्याची सुरुवात राजधानी खार्टूममध्ये नाही, अतबरा नावाच्या गावात झाली. भुसावळकराला हे गाव समजावून सांगावं लागत नाही. नाईलच्या काठी इंग्रजांनी वसवलेलं रेल्वेचं ठाणं, वर्कशॉप, कामगारांच्या वसाहती, आणि संघटनेची जुनी परंपरा. १९ डिसेंबर २०१८ ला तिथे लोक रस्त्यावर आले, कारण एक पौंडाची पाव-रोटी तीन पौंडांवर गेली होती. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला तेव्हा देशाच्या तेलाचा मोठा हिस्सा हातचा गेला होता, महागाईनं माणसं पिचली होती. अतबऱ्यात लोकांनी सत्ताधारी पक्षाची कचेरी जाळली आणि भाकरीची मागणी बघता बघता "तस्गुत बस" झाली. म्हणजे, पडा, बाकी काही नको.

माझे वडील इथे लोको शेडमध्ये होते. मे १९७४ च्या रेल्वे संपाच्या वीस दिवसांबद्दल ते सांगायचे, की पुढारी आत गेले तरी संप थांबला नाही, कारण क्वार्टरच्या प्रत्येक ओळीत कोणी ना कोणी निरोप पोहोचवणारं होतं. तो संप राजवट पाडायला नव्हता, तुलना तेवढीच. पण उठाव चार महिने कसा टिकतो, हे मला त्या आठवणीतून समजलं. सुदानमध्ये डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर यांच्या संघटना मोर्चाची वेळ आणि मार्ग आधी जाहीर करत. गल्लोगल्ली समित्या होत्या. इथे गुपित राखून चालतच नाही, सगळ्यांना कळलं तरच माणसं जमतात.

६ एप्रिल २०१९ ला लोक थेट लष्कराच्या मुख्यालयासमोर जाऊन बसले. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १९८५ साली याच दिवशी जनतेच्या दबावाखाली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निमेरी यांची राजवट संपली होती. सुरक्षा दलांनी रात्री गोळ्या झाडल्या तेव्हा काही साधे सैनिक लोकांच्या बाजूनं उभे राहिले, काही मेलेही. इथे सेनापतींचा हिशेब बदलला. ११ एप्रिलला, आंबापाणीच्याच तारखेला, त्यांनी बशीरना हटवलं. राजवट जवळजवळ तीस वर्षांची होती.

मग त्या मुलीचं खरं नाही का? शेवटची सही लष्कराचीच होती. होतीच, आणि सेनापतींना तो सत्तापालटच करायचा होता. संरक्षणमंत्री इब्न औफ यांनी दोन वर्षांची लष्करी राजवट आणि रात्रीची संचारबंदी जाहीर केली. मी तिला पुढचा दिवस बघायला सांगितला. लोक घरी गेले नाहीत. संचारबंदी मोडून तिथेच बसले, आणि इब्न औफना दुसऱ्याच दिवशी पायउतार व्हावं लागलं. नुसता सत्तापालट असता, तर निःशस्त्र माणसांमुळे नवा सत्ताधीश चोवीस तासांत गेला नसता. ३ जूनला ते धरणं रक्त सांडून मोडलं गेलं, शंभराहून जास्त माणसं मेली. तरी ३० जूनला, बशीर ज्या तारखेला आले त्याच तारखेला, प्रचंड मोर्चे निघाले. ऑगस्टमध्ये लष्कराला नागरी प्रतिनिधींबरोबर सत्ता वाटून घेणारा करार करावा लागला.

इजिप्तमध्ये उलट झालं. ११ फेब्रुवारी २०११ ला राष्ट्राध्यक्ष मुबारक जनउठावापुढे गेले आणि लोक मोठ्या विश्वासानं पांगले. जुलै २०१३ मध्ये त्यांच्यानंतर निवडून आलेल्या मोर्सींविरुद्ध पुन्हा अफाट गर्दी जमली, पण त्या गर्दीच्या आडून हा अध्यक्ष लष्करानं काढला आणि सत्ता स्वतःकडेच ठेवली. गर्दी खरी होती, तरी मी त्याला सत्तापालटच म्हणेन.

मुलीनं विचारलं, "मग सुदानमध्ये २०२१ ला काय झालं?" सत्तापालट, निखळ. २५ ऑक्टोबरला लष्करप्रमुख जनरल बुरहान यांनी पंतप्रधान हमदोक यांना अटक केली, आणि १५ एप्रिल २०२३ पासून तेच लष्कर आणि त्याचंच जुनं साथीदार निमलष्करी दल एकमेकांवर तोफा डागू लागलं. मला वाटलं, उठावाचं काहीच उरलं नाही असं ती म्हणेल. म्हणून तिला एवढं सांगितलं, की युद्धात सरकारी दवाखाने आणि दुकानं बंद पडली, तेव्हा ज्यांनी चुली पेटवून मोहल्ल्यामोहल्ल्यात जेवण वाढायला घेतलं, त्यांतली कितीतरी पोरं त्या गल्ली-समित्यांतलीच होती.