मतदान यंत्रावरचा कागद: एकेका ओळीमागचा इतिहास

२०१४ साली रायगड लोकसभा मतदारसंघात अनंत गीते अवघ्या २,११० मतांनी निवडून आले आणि सुनील तटकरे हरले. त्याच यादीत सुनील तटकरे नावाचे एक अपक्षही होते. त्यांना ९,८४९ मतं पडली. त्यातली किती चुकून पडली, हे कधीच कळणार नाही. पण बटणाशेजारचा तो कागद कसा छापायचा, हा प्रश्न किरकोळ नाही एवढं या आकड्यांवरून दिसतं.

हा कागद यंत्रापेक्षा जुना. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत मतदाराला शिक्का मारावा लागतच नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर चिकटवलेलं चिन्ह. आपल्या पेटीत कागद टाकायचा की झालं. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नसताना ही सोय फार शहाणपणाची होती. १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत सगळी नावं आणि चिन्हं एकाच कागदावर आली, आणि तेव्हापासून कोण वर, कोण खाली याला महत्त्व आलं.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१च्या कलम ३८नुसार हा क्रम वर्णानुक्रमाचा. १९९६मध्ये तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले आणि मतपत्रिकेची अक्षरशः पुस्तिका झाली. त्याच वर्षी कायदा बदलला. विधानसभेची अनामत २५० रुपयांवरून ५,००० वर गेली, आणि यादीचे तीन गट पडले: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी बाकीचे. वर्णानुक्रम उरला तो गटापुरता. त्यामुळे अपक्षाचं नाव ‘अ’ने सुरू होत असलं तरी तो पक्षांच्या खालीच. अपक्षांवर यात थोडा अन्याय होतो असं मला वाटतं. मात्र लांबलचक यादीत ओळखीचा पक्ष पटकन सापडतो, हेही खरं.

यंत्राला कायद्यात जागा मिळायला वेळ लागला. मे १९८२मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्रं वापरली गेली. कायद्यात तशी तरतूदच नसल्याचं सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तिथे पुन्हा मतदान घ्यायला लावलं. यंत्राला परवानगी देणारं कलम ६१अ १९८९मध्ये लागू झालं, आणि निवडणूक संचालन नियमांत यंत्राचं प्रकरण १९९२ साली आलं.

त्यातला नियम ४९ब या कागदाचाच. नावांचा क्रम उमेदवारांच्या अंतिम यादीप्रमाणेच हवा. दोघांचं नाव सारखं असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा अशीच काही खूण जोडून वेगळेपण दाखवायचं. निवडणूक निर्णय अधिकारी हा कागद बॅलेट युनिटच्या, म्हणजे मतदार बटण दाबतो त्या भागाच्या, पारदर्शक झाकणाखाली बसवतात. प्रत्येक ओळ नेमकी आपल्या निळ्या बटणासमोर यावी लागते, कारण कागद जरासा सरकला तरी मत शेजाऱ्याला जायचं. नको असलेली बटणं झाकतात. मग अधिकाऱ्याचं आणि उमेदवारांचं किंवा त्यांच्या प्रतिनिधींचं सील लागतं. लोकसभेचा कागद पांढरा, विधानसभेचा गुलाबी.

एका युनिटवर सोळाच ओळी मावतात. २०१९मध्ये निजामाबादला १८५ उमेदवार होते, तेव्हा प्रत्येक केंद्रावर बारा युनिटं मांडावी लागली.

सप्टेंबर २०१३च्या न्यायालयाच्या निकालानंतर शेवटच्या ओळीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला. १ मे २०१५पासून नाव आणि चिन्ह यांच्या मध्ये उमेदवाराचा फोटो छापायचं ठरलं, तेही सारख्या नावांचा घोळ टाळण्यासाठी. पण त्या चौकोनात चेहरा इतका लहान दिसायचा की अधू नजरेच्या मतदाराला त्याचा कितपत उपयोग होत असेल, अशी शंका यायची. सप्टेंबर २०२५मध्ये निवडणूक आयोगाने हे सुधारलं: फोटो रंगीत, त्याच्या तीन चतुर्थांश भागात चेहरा, क्रमांक मोठे आणि ठळक, सगळी नावं एकाच आकाराच्या अक्षरांत. सुरुवात बिहारपासून झाली.

सारख्या चिन्हांचं काय, हा प्रश्न नियम ४९बमध्ये येतच नाही. २०२४मध्ये साताऱ्यात एका बाजूला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होता, दुसऱ्या बाजूला मराठीत ‘तुतारी’च म्हटलेला ट्रम्पेट. ट्रम्पेटवाल्या अपक्षाला पडलेली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती. यंत्रावर चिन्हाचं फक्त चित्र असतं, नाव नसतं.